नथवालीचे हात

भोपाळहून अपूर्वाचा फोन आला तेव्हा हेमलताबाई नाफडे गोरखपूर मोहल्ल्यातल्या आपल्या घरी मटार सोलत बसल्या होत्या. अपूर्वा म्हणजे त्यांच्या नागपूरच्या मावसबहिणीची मुलगी. माहितीपट बनवते एवढं बाईंना ठाऊक होतं, पण तिचं काम त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं.

"मावशी, बाहुल्यांचे खेळ करणाऱ्यांवर एक मालिका करून राहिलो आम्ही," अपूर्वा म्हणाली. "सहा कलाकार, सहा भाग. पाच जण ठरले. सहावा तुमच्या भागातला पाहिजे. तुम्ही एवढी वर्षं तिकडे आहात, तर सांगा नं, कोणावर फिल्म व्हायला हवी?"

बाईंनी फोन खांद्याशी धरला आणि शेंगा सोलता सोलताच सांगायला सुरुवात केली. पनागरचा विठोबा. आठवडी बाजारात गोणपाटाच्या बाहुल्या नाचवतो, भाजीवाल्या बायका धंदा सोडून उभ्या राहतात. मंडल्याकडचा एक म्हातारा, एका लाकडाच्या ओंडक्यातून सगळं कुटुंब कोरून काढतो. दोन्ही नावं त्यांनी भराभर सांगितली. मग थोडा वेळ नुसता शेंगांचा आवाज येत राहिला.

"आणि एक आमचं पण आहे," त्या म्हणाल्या.

"आमचं म्हणजे?"

"माझं. बहिऱ्या मुलांसाठी बाहुल्यांचा खेळ. पंचवीस वर्षं झाली."

मग अपूर्वा म्हणाली, "मावशी, हे तुम्ही सगळ्यात आधी काहून नाही सांगितलं?"

फोन ठेवला तेव्हा श्रीपादराव वर्तमानपत्राच्या आडून बायकोकडे बघत होते. "दोन नावं सांगायला तुला चार शेंगा लागल्या," ते म्हणाले, "आणि तिसऱ्याला अर्धा किलो."

बाई हसल्या. पण त्या दिवशी उसळीत मीठ दोनदा पडलं, आणि त्यांना ते जेवतानाही कळलं नाही.

हेमलताबाई शहरातल्या कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवायच्या. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती. खेळाची सुरुवात झाली ती शाळेत बाहेरगावची एक मंडळी आली तेव्हापासून. दोऱ्यांवर नाचणाऱ्या सुरेख बाहुल्या, ढोलकी, गाणी, चटपटीत संवाद. समोर साठ मुलं बसलेली. बाई स्टेजच्या विरुद्ध कोपऱ्यात उभ्या राहून संवाद खुणांच्या भाषेत सांगत होत्या. पाच मिनिटांत साठच्या साठ मुलांनी स्टेजकडे पाठ केली आणि ती बाईंच्या हातांकडे बघत बसली. बिचाऱ्या मंडळींनी पुढचा तासभर मुलांच्या पाठींना खेळ दाखवला.

घरी येऊन बाई श्रीपादरावांना म्हणाल्या, "आमची पोरं मुकी नाहीत हो. मुक्या त्या बाहुल्या होत्या. त्यांना हातच नव्हते बोलायला."

श्रीपादराव तेव्हा गन कॅरेज फॅक्टरीत होते, लाकडाचे साचे बनवणाऱ्या विभागात. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या हातांना काहीतरी लागायचंच. त्यांनी प्रश्न ऐकून घेतला आणि कागद-पेन्सिल काढली. हातमोज्याची बाहुली चालणार नव्हती, कारण तिच्या आत बोटं अडकून पडतात. दोऱ्यांची चालणार नव्हती, कारण दोरीने 'आई' आणि 'पाणी' यांतला फरक दाखवता येत नाही. शेवटी त्यांनी कागदाच्या लगद्याचं एक डोकं केलं, ते एका पट्ट्याला जोडलं आणि पट्टा बाईंच्या छातीवर बांधला. बाईंनी तोंडावर काळी जाळी घेतली, काळा झगा घातला आणि आपले दोन्ही हात बाहुलीच्या झंपरातून बाहेर काढले. आता बाहुलीला माणसाचे हात होते. बाईंनी जुन्या इरकलीतून तिला लुगडं शिवलं आणि नाकात भली मोठी नथ घातली. मुलांनी पहिल्याच दिवशी नाकाशी चिमूट धरून तिचं नाव ठेवलं. ते नाव तोंडाने कोणाला सांगायची वेळ आली की बाई म्हणायच्या, नथवाली.

पहिला खेळ झाला तेव्हा पहिल्या रांगेतली एक नऊ वर्षांची मुलगी मध्येच उभी राहिली. शहरातल्याच गढा वस्तीतली समिधा खंदारे. वडील रेल्वेत, आई बेबी तिथल्या बाजारात बांगड्यांची टोपली घेऊन बसायची. समिधाने थेट नथवालीकडे बोट केलं आणि हातांनी विचारलं, "ही सांगून राहिली की विचारून राहिली?"

बाईंना आधी कळेना. मग लख्ख समजलं. खुणांच्या भाषेत 'तू घरी जाणार' आणि 'तू घरी जाणार?' यांत हात तेच असतात, फरक भुवयांचा असतो. नथवालीच्या भुवया रंगवलेल्या होत्या. तिचं बोलणं ओळीत उभ्या केलेल्या शब्दांसारखं होतं, त्यात प्रश्न नव्हता, राग नव्हता, थट्टाही नव्हती.

श्रीपादरावांनी सायकलच्या ब्रेकची तार आणली. नथवालीला घोड्याच्या केसांच्या दोन भुवया लावल्या आणि त्या वर-खाली करणारी एक मूठ मागे काढली. मूठ चालवायला दुसरं माणूस लागणार होतं. बाईंनी समिधाला बोलावलं. पुढची सहा वर्षं हात बाईंचे आणि भुवया समिधाच्या.

मग एकदा बाईंच्या मनगटाला फ्रॅक्चर झालं आणि खेळ चार दिवसांवर होता. पंधरा वर्षांच्या समिधाने पट्टा आपल्या छातीवर बांधला. त्या दिवशी मुलं हसली तशी आधी कधी हसली नव्हती. बाईंनी ते मागे उभं राहून पाहिलं, एका हाताने भुवया चालवत. त्यांचे हात बोलायचे ते शिकलेल्या माणसाचे, शुद्ध आणि सावकाश. समिधाचे हात त्या भाषेतच वाढलेले होते. ती एका खुणेत दोन अर्थ बसवायची, बोट जरा वाकडं करून समोरच्याची नक्कल करायची, वाक्य अर्ध्यावर सोडून मुलांना ते पुरं करायला लावायची. प्लास्टर निघालं, पण पट्टा समिधाकडेच राहिला. बाई भुवयांवर गेल्या त्या कायमच्या.

खेळाचं नाव मात्र हेमलता नाफडे यांचंच होतं. वर्तमानपत्रात त्यांचा फोटो यायचा, प्रजासत्ताक दिनी शाल त्यांच्या खांद्यावर पडायची. पत्रिकेवर खाली बारीक अक्षरात असायचं, 'सहायक : समिधा'. यात काही वावगं आहे असं बाईंच्या मनात कधी आलं नाही. समिधाला काय वाटतं हे कोणी विचारलं नव्हतं, आणि बाईंनीही नाही.

डिसेंबरात अपूर्वा आली. बरोबर कॅमेरामन बंटी, भोपाळचा, कमी बोलणारा. पहिले दोन दिवस मजेत गेले. श्रीपादरावांनी ब्रेकच्या तारेची कथा तीन वेळा सांगितली, प्रत्येक वेळी थोडी लांबवून. बंटीने नथवालीचं लुगडं, नथ, काळा झगा, गच्चीवर वाळत घातलेल्या नव्या बाहुल्यांची डोकी, सगळं टिपलं. शाळेत जाऊन पोस्टाच्या खेळाची तालीमही झाली. या खेळात नथवाली पोस्टात जाते आणि तिथल्या बाबूला पेन्शनचं विचारते. बाबू कानांनी ऐकणारा आहे. त्याचं तोंड परातीएवढं उघडतं आणि हात चमच्याएवढे, अंगाला चिकटवलेले. तिला कळत नाही म्हटल्यावर तो आणखी मोठ्याने बोलतो, मग आणखी मोठ्याने, शेवटी त्याच्या ओरडण्याने पोस्टाचं छप्पर उडून जातं आणि नथवाली शांतपणे त्याला कागद-पेन देते. समिधाने हा खेळ स्वतः रचला होता. ती गढ्यात शिवणकामाचं दुकान चालवायची, आणि मापं घेताना लोक आपल्यावर कसे ओरडतात ते तिला रोज बघायला मिळायचं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुलाखत होती. नाफड्यांच्या बैठकीत दोन खुर्च्या मांडल्या. एकीवर बाई, एकीवर समिधा. अपूर्वा विचारणार, बाई तो प्रश्न समिधाला हातांनी सांगणार, आणि समिधाचं उत्तर तोंडाने अपूर्वाला.

"समिधा, नथवाली तुझ्याकडे कशी आली?" अपूर्वाने विचारलं.

समिधा बोलू लागली. बराच वेळ बोलली. तिचे हात छातीपासून कपाळापर्यंत जात होते, मध्येच ती थांबून हसली, बाईंकडे बोट केलं, मग स्वतःकडे.

बाई कॅमेऱ्याकडे बघून म्हणाल्या, "ती म्हणून राहिली की बाईंनी मला खूप शिकवलं. लहान होते तेव्हापासून. बाईंमुळे मी बाहुली चालवायला शिकले."

समिधाचे हात थांबले. तिचे डोळे बाईंच्या ओठांवर होते. ती बाईंच्या हाताखाली नऊ वर्षं ओठ वाचायला शिकलेली होती, आणि मराठी, हिंदी दोन्ही वाचायची. तिने उजव्या हाताचं एक बोट नाही म्हणून हलवलं.

"मी हे नाही बोलले," ती हातांनी म्हणाली.

बाई गोंधळल्या. "तसंच आहे थोडंफार," त्या हातांनीच म्हणाल्या.

"नाही. मी जे बोलले ते सांगा."

"काय झालं मावशी?" अपूर्वाने विचारलं.

"काही नाही. तिला जरा वेगळं सांगायचं आहे."

समिधा उठली. ती रागावलेली दिसत नव्हती. ती चालत कॅमेऱ्यापाशी गेली आणि बंटीच्या छोट्या पडद्याकडे तिने पाहिलं. पडद्यावर बाईंचा चेहरा होता, पडदा भरून. समिधाची खुर्ची कडेला होती आणि चौकटीत फक्त तिची कोपरं येत होती. तिने अपूर्वाला हात धरून उठवलं, पडदा दाखवला आणि मग सावकाश, लहान मुलाला सांगावं तशा मोठ्या खुणा करून म्हणाली, "बोलते मी. चेहरा बाईंचा."

ही खूण सांगायला कोणी लागलं नाही. अपूर्वाला समजली, बंटीलाही समजली. बंटी हळूच म्हणाला, "दीदी, गलती मेरी है. जो आवाज़ कर रहा था, मैं उसी पे चला गया."

श्रीपादराव आतल्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभे होते, ते तसेच उभे राहिले.

समिधा परत आपल्या खुर्चीत बसली. तिने पुन्हा तेच सगळं सांगितलं, जसंच्या तसं, बाईंच्या डोळ्यांत बघून. आयुष्यभर त्यांनी मुलांची वाक्यं घेऊन ती ऐकणाऱ्या जगाला दिली होती. देताना कडा घासल्या होत्या, थोडं गोड केलं होतं, कारण जग लवकर दुखावतं आणि मुलांचं नुकसान होतं. डॉक्टरांपुढे, ऑफिसात, पालकांपुढे. ते कधी सवयीचं झालं हे त्यांना कळलंच नव्हतं. आज पहिल्यांदा कोणीतरी ते वाक्य परत मागितलं होतं.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"अपूर्वा, लिहून घे," त्या म्हणाल्या. "मी मघाशी चुकीचं सांगितलं. ती असं म्हणाली. बाईंनी मला अक्षरं शिकवली, हिशेब शिकवला, ओठ वाचायला शिकवलं. बाहुली मला बाईंनी नाही शिकवली. बाहुली मी बाईंना शिकवली. नऊ वर्षांची असताना पहिल्यांदा शिकवली, ते भुवयांचं. नंतर रोज शिकवली. बाई चांगल्या विद्यार्थिनी आहेत, पण त्यांचे हात अजून थोडे बाहेरगावचे आहेत."

शेवटच्या वाक्याला अपूर्वाला हसू की नको असं झालं. समिधाने बाईंचे ओठ शेवटपर्यंत वाचले आणि मान हलवली. बरोबर.

"आता विचारते मी," अपूर्वा म्हणाली. "मावशी, मग फिल्म कोणावर व्हायला हवी?"

बाईंनी हा प्रश्न समिधाला सांगितला नाही. तो त्यांच्यासाठीच होता. "हिच्यावर," त्या म्हणाल्या. "मी फोनवर तुला 'माझं' म्हणाले होते. ते चुकलं माझं."

दुपारी समिधाने आणखी एक अट घातली. पुढच्या मुलाखतींना दुभाषा बाहेरचा हवा, बाई नको. बाईंनीच ती अट अपूर्वाला सांगितली, एक शब्दही न घासता. दोन दिवसांनी नागपूरहून प्रणोती नावाची मुलगी आली, तिशीची, काळ्या सदऱ्यातली, कामाला चोख. तिचे आईवडील दोघेही बहिरे, त्यामुळे खुणांची भाषा तिला पाळण्यातून मिळालेली.

ती आणि समिधा बैठकीत बसल्या आणि बाई स्वयंपाकघरात. दार लोटलेलं होतं. प्रणोतीचा आवाज येत होता, समिधाची वाक्यं त्या आवाजात येत होती, आणि बाईंना माहीत नसलेल्या कितीतरी गोष्टी त्यांत होत्या. शाळा सुटल्यावर समिधा गढ्याच्या बाजारात उभी राहून माणसांचे चेहरे पाठ करायची. पोस्टातला बाबू खरा होता. खेळ रचताना ती आधी झोपेत हात हलवते, असं उन्हाळ्यात गच्चीवर बाजूला झोपणारी शेजारीण सांगते.

"दुखलं काय?" श्रीपादरावांनी हळूच विचारलं.

"दुखलं नं," बाई म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू. पंचवीस वर्षं मी त्या पोरीचा आवाज आहे असं समजत होते मी." त्या थोडं थांबल्या. "पण अहो, ऐका जरा. काय बोलते ती. असं वाक्य आपल्या शाळेतून निघालं."

आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला की श्रीपादरावांनी पुढचं काही विचारलं नाही, पोळ्या लाटायला घेतल्या.

त्या दिवसापासून चित्रीकरण पालटलं. बंटीने कॅमेरा दोन पावलं मागे नेला, म्हणजे हात आणि चेहरा कायम चौकटीत राहतील. समिधाने त्याला कुठे उभं राहायचं ते दाखवलं, आणि चौथ्या दिवशी तो तिच्याशी मोडक्यातोडक्या खुणांत बोलू लागला, आधी फक्त 'चहा' आणि 'पुन्हा एकदा'. गढ्यातल्या दुकानात शिवणयंत्रावर, बाजारात, शाळेत मुलांमध्ये, सगळीकडे समिधा. हेमलताबाई होत्या, पण जिथे असायच्या तिथेच, काळ्या झग्यात, मागच्या मुठीवर.

फिल्म दाखवणाऱ्या मंडळींना ती अशी नको होती. त्यांना वर करुण आवाजातलं निवेदन हवं होतं, बासरी हवी होती, आणि नाव हवं होतं 'मुक्या बाहुल्यांची माय'. अपूर्वाने बाईंना फोन करून हे सांगितलं.

"अच्छा," बाई म्हणाल्या. "मग त्यांना सांग, मुकी कोणी नाही आणि माय मी नाही. हे तू त्यांना सांगू शकत नसशील तर त्यांचा नंबर मला दे."

अपूर्वा ते स्वतःच सांगून आली. दोन महिने खटपट चालली. शेवटी निवेदन गेलं, बासरी गेली. समिधाच्या बोलण्याखाली हिंदी ओळी आल्या आणि पोस्टाचा खेळ सबंध, अकरा मिनिटांचा, काहीही आवाज न घालता ठेवायचं ठरलं.

मार्चमध्ये गोलबाजाराजवळच्या एका सभागृहात फिल्मचा पहिला खेळ लागला, संध्याकाळी पाचला. समिधाच्या सांगण्यावरून पुढच्या सहा रांगा शाळेतल्या मुलांना दिल्या होत्या आणि ऐकणारे पाहुणे मागे. हेमलताबाई आणि श्रीपादराव आठव्या रांगेत. त्यांच्या बाजूला समिधाची आई बेबी, जरीची साडी नेसून, हातांत आपल्याच टोपलीतल्या हिरव्या बांगड्या. समिधाचे वडील चार वर्षांपूर्वी गेले होते. बेबीला मुलीचं काम ठाऊक होतं ते एवढंच, की ती बाईंबरोबर बाहुल्या घेऊन जाते. घरी मायलेकींचं बोलणं चालायचं ते जेव, झोप, पैसे दे, पाऊस आला एवढ्यावर. तेवढ्याच खुणा बेबीला येत होत्या.

पोस्टाचा खेळ सुरू झाला आणि सभागृहात आवाज बंद झाला. मागच्या रांगांत चुळबुळ झाली, कोणीतरी म्हणालं, "साउंड चला गया क्या?" तेवढ्यात पुढच्या सहा रांगा एकदम हसल्या. खुर्च्या हलल्या, पाय आपटले गेले. बाबूचं परातीसारखं तोंड उघडलं होतं आणि नथवालीने त्याच्या नकळत त्याच्या चमच्याएवढ्या हातांची अशी काही नक्कल केली होती की एक मुलगा हसता हसता खुर्चीवरून खाली घसरला. मागच्या लोकांना काहीच कळलं नव्हतं. ते मुलांकडे बघू लागले, मग पडद्याकडे, मग पुन्हा मुलांकडे. मोठमोठे अधिकारी, प्राध्यापक, शालवाले लोक माना उंच करून सातआठ वर्षांच्या पोरांच्या चेहऱ्यांवरून अर्थ लावत होते. सहा-सात मिनिटांनी त्यांनाही धागा सापडला आणि छप्पर उडालं तेव्हा सगळं सभागृह एकत्र हसलं.

बाई पुढच्या रांगांकडे बघत राहिल्या. या शहरातल्या किती खोल्यांमध्ये त्यांनी याच मुलांना मागच्या बाकावर, कोणाच्या तरी तोंडाकडे बघत, उशिरा हसताना पाहिलं होतं. आज ती पुढे होती.

मग मुलाखत आली. समिधा गढ्यातल्या दुकानात बसून बोलत होती आणि खाली ओळी उमटत होत्या. बेबी ओठ हलवत एकेक ओळ वाचू लागली. तिचं शिक्षण पाचवीपर्यंतचं, ओळी भराभर जायच्या. निम्म्यात तिने बाईंचा दंड धरला.

"बाई, हे सारं ती बोलून राहिली?"

"हो."

"तिच्या मनानं?"

"तिच्याच."

पडद्यावर समिधा सांगत होती की तिची आई बांगडी भरताना गिऱ्हाइकाचा हात असा दाबते की हाडं मऊ होतात आणि दुखत नाही. "हाताशी हातानं कसं बोलायचं हे मी तिथं पाहिलं, शाळेच्या आधी." बेबीने ती ओळ वाचली. पदर तोंडाला लावला आणि पुढची पाच मिनिटं तिला काही वाचता आलं नाही.

दिवे लागले. समिधाला मंचावर बोलावलं, प्रणोती बाजूला उभी राहिली. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, मुलं दोन्ही हात वर करून बोटं हलवत होती, आणि थोड्याच वेळात मागच्या रांगांनीही टाळ्या थांबवून हात वर केले. समिधाने त्या सगळ्या हातांकडे एकदा डावीकडून उजवीकडे नीट पाहिलं. तिची मान ताठ होती. प्रश्न आले, तिने उत्तरं दिली. एकाने विचारलं, तुमच्या यशाचं श्रेय कोणाला? ती म्हणाली, बाबू लोकांना, ते नसते तर मी कोणावर हसवलं असतं. प्रणोतीने ते तसंच्या तसं सांगितलं.

आठव्या रांगेतून हेमलताबाईंनी ते आधी समिधाच्या हातांवर वाचलं आणि मग प्रणोतीच्या तोंडून ऐकलं. शब्द न् शब्द तपासून पाहिला. एकही इकडेतिकडे नव्हता. मागच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारलं, "तुमची विद्यार्थिनी ना?" तेव्हा त्या म्हणाल्या, "आम्ही एकत्र खेळ करतो. ती हात, मी भुवया." हे त्यांनी इतक्या ऐटीत सांगितलं की त्या बाईंना भुवया हेच मोठं पद वाटलं असावं.

गर्दी ओसरल्यावर बेबी दाराशी थांबली होती. हेमलताबाई जवळ गेल्या तशी ती म्हणाली, "बाई, मला शिकवा जी. ती भाषा. चौतीस वर्षं वाया गेली माझी. अठ्ठावन्न वर्षांची झाली, पण शिकीन मी."

बाईंच्या ओठांवर 'हो' आलेलं होतं. त्यांनी ते थांबवलं.

"मी शिकवलं तर बाहेरगावची शिकशील," त्या म्हणाल्या. "तिलाच म्हण."

बेबीला कसं म्हणायचं ते कळेना. समिधा मंचावरून उतरून हार काढत त्यांच्याकडेच येत होती. बेबीने तिच्यासमोर उभं राहून आधी स्वतःकडे बोट केलं, मग मुलीच्या हातांकडे, मग पुन्हा स्वतःकडे, आणि तिथे अडली. समिधा काही क्षण आईकडे बघत राहिली. मग तिने हार बाईंच्या हातात दिला, आईच्या हिरव्या बांगड्या कोपराकडे सरकवल्या, तिचा अंगठा नीट दुमडला आणि 'शिकव' ही खूण करून दाखवली. बेबीने ती केली. चुकली. समिधाने अंगठा पुन्हा धरला.

श्रीपादराव रिक्षा बघायला पुढे गेले होते, ते परत येऊन म्हणाले, "चलो, रिक्षा उभी आहे."

"उभी राहू द्या," बाई म्हणाल्या.